चौथी ओळ

ठिबक सिंचनाचा फिल्टर साफ कसा करायचा, हे मी कंपनीच्या वेबसाइटसाठी सोपं करून लिहिलं होतं. पण टाकण्याआधी शिंदखेड्याला शेतात सासऱ्यांना मोबाइलवर दाखवलं, तेच बरं झालं! नाना एकेक ओळ मोठ्याने वाचायचे आणि लगेच तसं करायचे. तिसरी ओळ वाचली, ‘फिल्टरचं झाकण उघडा’, आणि उघडलं. फवारा थेट तोंडावर, चष्मा मिरचीच्या वाफ्यात!

मी ओरडलो, "नाना, चौथी ओळ! ‘त्याआधी मोटार बंद करा!’"

नाना निथळत उभे. वाफ्यातला चष्मा उचलून म्हणाले, "जवाईबापू, लिखेल बेस शे. फक्त चौथी ओळ वर ल्या."

हुश्श! गिऱ्हाइकाने सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आता प्रत्येक पान आधी सासऱ्यांनाच दाखवतो. जावयाला शिव्या देता येत नाहीत ना!