शेवटची खेप भट्टीत जाण्याआधी

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, टांकसाळीचे व्यवस्थापकसाहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले मुख्य रसायनतज्ज्ञ आणि कामगार संघटनेचे सरचिटणीस, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते भट्टीचे फोरमन, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची पत्नी, म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, आणि भट्टी, निवड, वजनकाटा, पहारा अशा सगळ्या खात्यांतून हातातलं काम टाकून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

निवेदकांनी मला दोन मिनिटं दिली आहेत. त्यातलं एक मान्यवरांना मान देण्यातच गेलं. तेव्हा लवकर आटपते असं खोटं आश्वासन देत नाही. एक मात्र कबूल करते, नाण्याच्या दोन बाजू माझ्या भाषणात येणार नाहीत. आधीच्या तिन्ही वक्त्यांनी ते नाणं उलटसुलट करून पार गुळगुळीत केलं आहे.

मी निवड खात्यातली. सर्वांत लहान नाणं सरकारने बंद केलं, कारण त्याच्या किमतीपेक्षा त्यातला धातू महाग झाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय! तेव्हापासून घराघरांतली चिल्लर पोत्यांनी आमच्याकडे येते. त्यातली बटणं, वायसर, खडे, एकदा तर चांदी भरलेली अख्खी दाढ, असलं सगळं वेचून बाहेर काढायचं आणि उरलेलं वाळवणीच्या खोलीत पाठवायचं, हे माझं काम. तिथून पोतं निघालं की भट्टीच्या तोंडाशी भाऊजी उभे. त्यांना फोरमनसाहेब म्हणावं हे मला कळतं. पण लग्नात ज्यांच्या नव्या कोटावर मी सरबत सांडलं, त्यांना साहेब कुठल्या तोंडाने म्हणू?

भाऊजींचा नियम असा की त्यांनी हात घातल्याशिवाय एकही पोतं भट्टीत जायचं नाही. हात कशाला? ओल बघायला. कढईतल्या तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होतं, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही विचारा. इथे तेलाच्या जागी वितळलेला धातू असतो आणि तो उडाला तर नुसता हात भाजून भागत नाही. एकदा एका पोत्यात हात घालून भाऊजी थबकले. म्हणाले, "कुणीतरी रडलंय वाटतं यात." आम्ही हसलो. पोतं उपसलं तर मधोमध एका ओल्या रुमालात गाठ मारून ठेवलेली नाणी निघाली. त्या दिवशी भट्टीवर असलेली आठ-दहा माणसं आज या हॉलमध्ये बसून पेढ्यांची... चुकले, चहाची वाट बघत आहेत.

मध्यंतरी ओल मोजायचं यंत्र विकत घ्यायचं ठरलं होतं. व्यवस्थापकसाहेब मोठ्या मनाने म्हणाले, "यांचा हात असताना यंत्र कशाला?" तेव्हा टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. साहेब, आता राग मानू नका, पण ते यंत्र घ्यायला हवं होतं.

निवेदक मला खुणा करताहेत. दिसल्या हो! सकाळपासून माझंच लक्ष घड्याळावर आहे, तुम्ही आणखी कशाला दाखवता? हा समारंभ संपला की आपण सगळे भट्टीवर जाणार. आपली रीतच आहे, भट्टीवरचा माणूस निवृत्त होतो तेव्हा शेवटची खेप तो स्वतः आत टाकतो आणि घरची माणसं पिवळ्या पट्ट्यामागे उभी राहून कौतुकाने बघतात. आज तर त्या नाण्याचीच शेवटची खेप आहे. पट्ट्यामागे ताई असणार, लेकी-जावई असणार, नातवंडं असणार.

ही खेप कुठून आली, ठाऊक आहे ना? मोठ्या चौकातल्या कारंज्यातून. लोक मनात काहीबाही मागून तिथे नाणी टाकायचे. आता हौद उपसला आणि सगळ्यांच्या इच्छा पोत्यात भरून आमच्याकडे पाठवल्या. आम्ही त्या वाळवल्या. काल भाऊजींनी हात घालून सांगितलं, "कोरडी ठणठणीत आहेत. जाऊ द्या." आज सकाळी मी चोरून हात घातला. पाच पोती बरी वाटली. सहाव्यात नाणी एकमेकांना चिकटलेली होती आणि गार लागली. हात बाहेर काढला तर बोटं ओली.

नाही भाऊजी, बसा. मला पुरं करू द्या. ताई, तू मान हलवलीस, म्हणजे बोलू ना?

मंडळी, भाऊजींच्या बोटांना आता काही कळत नाही. गेल्या वर्षी त्यांनी गॅसवरचं दुधाचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं आणि "तापलंच नाही अजून" म्हणाले. तळहाताला फोड आले ते ताईने पाहिले. डॉक्टर म्हणाले, उष्णतेने आणि वयाने नसा गेल्या. भट्टीवरून काढून फाटकावर बसवतील, या भीतीने भाऊजींनी ही गोष्ट गिळून टाकली. आम्हालाही शपथ घातली. आत्तासुद्धा तुमच्या हातातल्या पुष्पगुच्छाचं पाणी बोटांवरून फरशीवर ठिबकतंय, भाऊजी. सगळ्या हॉलला दिसतंय.

घरी हा विषय काढला तर ताट सरकवून उठले. "माझ्या हातावर संशय घेतेस? या हातांनी तुला इथे चिकटवलं!" खरं आहे. आमचे हे गेले तेव्हा भाऊजींनीच माझ्यासाठी साहेबांचे उंबरे झिजवले. ते उपकार मी विसरले असते तर आज गप्प बसून पेन भेट दिलं असतं आणि घरी गेले असते. पण मला भीती वाटते हो! आणि रागही येतो. माणसाने अभिमान बाळगावा, पण त्याच्यामागे नातवंडांना उभं करावं का? ताईच म्हणाली, "चारचौघांत बोल. तिथे ते आवाज चढवत नाहीत." म्हणून चारचौघांत गाठलंय. ती सगळी पोती मी कोठारात ओढून कुलूप लावलंय. भट्टीवरच्या पोरांनो, उगीच एकमेकांना विचारत बसू नका, किल्ली माझ्याकडे आहे. अध्यक्ष महोदय, काय शिक्षा करायची ती करा.

आता भाऊजी, बोला. ओरडायचं तर ओरडा. माइक देऊ का?

...काय? मागे ऐकू गेलं नसेल. भाऊजी विचारताहेत, "हात किती आत घातला होतास?"

मनगटापर्यंत, भाऊजी.

ते म्हणतात, "कोपरापर्यंत घालायचा असतो, वेडे. ओल तळाशी बसते."

म्हणजे जी पाच मी कोरडी ठरवली, तीही... अगं बाई.

अध्यक्ष महोदय, मान्यवर, सहकाऱ्यांनो, इतका वेळ ऐकून घेतलंत, मनापासून आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला, मोठ्यांचा मान राखायचा राहिला, कुणाचं नाव सुटलं असेल, तर पदरात घ्या. चहा तुमचा तुम्ही घ्या. आम्हाला कोठारात जायचंय.

उठा भाऊजी. तुम्ही सांगा, मी हात घालते.