अर्ध्या इंचाचा रकाना

(डायलिसिसचा वॉर्ड, सकाळची पाळी. शेजारशेजारच्या खुर्च्यांवर सुतार आणि साहेब, दोघेही मशीनला जोडलेले. सिस्टर येऊन-जाऊन.)

सुतार : नाही म्हणजे नाही, साहेब. गुरुवारी दुपारची खुर्ची सिस्टरनं मला दिलीय. तुम्हाला जाग उशिरा आली.

साहेब : मी नुसतं विचारतोय, मिस्त्री. एका गुरुवारपुरतं. तुम्ही नेहमीसारखे सकाळी या, मी दुपारी येईन.

सुतार : आणि माझं दार कोण बसवणार? गिऱ्हाईक गुरुवारी सकाळी घरी आहे, दुपारी कुलूप लावून महिनाभर बाहेर. चार महिन्यांनी हातात आलेलं काम आहे ते. लोक म्हणतात, याला कशाला काम द्या, हा अर्धा आठवडा दवाखान्यात.

साहेब : माझंही कामच आहे.

सुतार : तुम्हाला आता कसलं काम? तुम्ही रिटायर. घरी बसायचं आणि सूनबाईंना पाणी मोजून मागायचं.

सिस्टर : दोघांनी जरा हळू. काका, हात हलवू नका, सुई सरकेल. आणि खुर्चीवरून भांडू नका, ती काही माझ्या माहेरची नाही. पेपरवाले आजोबा गेले म्हणून रिकामी आहे. सोमवारी तिथं नवीन पेशंट बसणार. मधे हा एकच गुरुवार.

सुतार : बाहेर किती जण थांबलेत, सिस्टर?

सिस्टर : यादीत एकेचाळीस.

सुतार : घ्या. इथं माणूस गेल्याशिवाय जागा होत नाही. मी आत आलो तेव्हा कोण गेलं होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

सिस्टर : विचारूही नकोस. दादा, जुनी कार्डं आणलीस का? नवीन डॉक्टरांना तुझं पहिल्यापासूनचं बघायचंय.

सुतार : आणलीत. पिशवीत आहेत, सगळ्या घराची. बायको म्हणाली, वेगळी करत बसू नका, अख्खी पिशवीच न्या. होऊ दे राउंड, मग देतो.

सिस्टर : ठीक आहे. मी पलीकडच्या रांगेत आहे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर हाक मारा. शहाणपणा नको.

सुतार : बरं साहेब, काम तरी कसलं ते सांगा. लग्नबिग्न ठरवताय कुणाचं?

साहेब : मीटिंग आहे. खात्यात. तुम्हाला ठाऊक नसेल, मी आरोग्य खात्यात होतो. बत्तीस वर्षं.

सुतार : डॉक्टर?

साहेब : छे. कागद. नोंदवह्या, अहवाल, तपासणी-कार्डं. कुठल्या कार्डावर किती रकाने, कुठल्या क्रमानं, ते माझं टेबल. आता प्रेशरच्या कार्डाची नवी छपाई निघालीय, पुढच्या पाच वर्षांची. सध्याचं कार्ड मी तयार केलेलं. तसंच ठेवायचं की बदलायचं, यावर माझं मत हवंय त्यांना. रिटायर होऊन सात वर्षं झाली, मिस्त्री. फोन आला तेव्हा हिला दोनदा सांगितलं मी.

सुतार : प्रेशरचं कार्ड म्हणजे ते हिरवं? घडीचं?

साहेब : हिरवं. खिशात मावतं. आधीचं पांढरं होतं, टेबलक्लॉथएवढं.

सुतार : अहो, मग आपली जुनी ओळख निघाली! तुमचं कार्ड माझ्या खिशात सहा वर्षं होतं. थांबा, पिशवी इकडेच आहे. हे पांढरं. आणि हे घ्या तुमचं हिरवं. धरा की. तुमचा डावा मोकळा, माझा उजवा मोकळा. दोघांत मिळून एक धड माणूस.

साहेब : छान जपलंयत.

सुतार : एक महिना चुकवलेला नाही. आरोग्याच्या बाई दर महिन्याला कारखान्यात यायच्या. पट्टा गुंडाळायच्या, फुस्स फुस्स, आकडा लिहायच्या, गोळ्या द्यायच्या. बाकीचे पळून जायचे. मी म्हणायचो, बाई एवढं ऊन तुडवत येतात, आपण नुसता हात पुढे करायचा तर काय जातंय?

साहेब : हं.

सुतार : तरी हे झालं. पाच वर्षांपूर्वी, एकोणचाळिसाव्या वर्षी. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात. मी म्हटलं, उशीर? मी तर दर महिन्याला हजर होतो.

साहेब : मिस्त्री, या पांढऱ्या कार्डावर शेवटच्या ओळीत हे काय आहे?

सुतार : कुठं? ते अधिकचं चिन्ह? ते लघवीचं. तेव्हा बाई बाटलीत लघवी मागायच्या, पट्टी बुडवायच्या. रंग बदलला की बघायच्या. आम्ही फार हसायचो. दोन वर्षं काही निघालं नाही, बघा ना, सगळीकडे शून्य शून्य. शेवटी एकदा पट्टी हिरवट झाली. बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात परत बघू, परत आली तर मोठ्या दवाखान्यात पाठवते.

साहेब : आणि पुढच्या महिन्यात?

सुतार : पुढच्या महिन्यात तुमचं हिरवं आलं. मी विचारलं, बाई, बाटली? त्या म्हणाल्या, नव्या कार्डावर रकानाच नाही, म्हणजे बंद झालं असणार. पण बाई चांगल्या हो. त्यांच्याजवळ चार पट्ट्या उरल्या होत्या. बघा, इथं समासात. खरबरीत लागतंय ना? त्यांनी पेन्सिलनं रेघ मारून लिहिलं होतं. एक अधिक. मग दोन अधिक. मग एक दिवस खोडरबर घेऊन आल्या आणि पुसून टाकलं. म्हणाल्या, वरून पत्र आलंय, कार्डावर जादा काही लिहायचं नाही. लिहिलं तर कार्ड खराब केलं म्हणून बोलणी बसतात.

साहेब : कोणत्याही प्रकारची खाडाखोड अथवा अतिरिक्त नोंद करू नये.

सुतार : काय म्हणालात?

साहेब : ते पत्र. असं होतं त्यात.

सुतार : तुम्हाला पाठ आहे?

साहेब : मीच लिहिलं होतं.

सुतार : तुम्ही?

साहेब : सिस्टर! जरा इकडे या हो.

सिस्टर : काय झालं? काका, घाम आलाय तुम्हाला. थांबा, प्रेशर बघते. खाली आलंय. खुर्ची मागे करते, पाय वर. काय बोलत होता तुम्ही दोघं?

सुतार : सिस्टर, एक सांगा. त्या पट्टीचा रंग बदलला तर काय असतं?

सिस्टर : किडनीतून प्रथिनं गळायला लागलीत, असं. म्हणजे चाळणीला भोक पडलंय. का रे?

सुतार : आणि भोक तेव्हाच दिसलं तर?

सिस्टर : दिसलं तर रक्त तपासतात, गोळी बदलतात, मीठ तोडतात. पेनकिलर तर अजिबात घेऊ देत नाहीत.

सुतार : मी कमरेसाठी रोज घ्यायचो. पाच वर्षं. रंधा मारून कंबर जायची.

सिस्टर : तुला कुणी सांगितलं नाही?

सुतार : कोण सांगणार? कुणाला ठाऊकच नव्हतं. ज्या बाईंना ठाऊक होतं त्यांनी ते पुसलं. सिस्टर, तेव्हा कळतं तर मी इथं नसतो ना?

सिस्टर : असं छातीठोक नाही सांगता येत, दादा. सगळ्यांचं टळत नाही. पण पुष्कळांचं लांबतं. दहा वर्षं, कधी जास्त. पलीकडे मशीन ओरडतंय, मी आले. काकांशी जास्त बोलू नकोस.

सुतार : दहा वर्षं. माझी मुलगी तेव्हा वीस वर्षांची असती.

साहेब : मिस्त्री, मला सांगू द्या.

सुतार : का काढलात रकाना? कुणाच्या जिवावर उठला होता का तो?

साहेब : पट्ट्या पुरत नव्हत्या. केंद्रांवर आठ-आठ महिने पोचायच्या नाहीत. रकाने रिकामे यायचे. हजारो कार्डं, सगळ्यांत तो एक रकाना कोरा. अहवालात ते फार वाईट दिसायचं. वरून विचारणा व्हायची, हे काम का होत नाही? माझ्या वरिष्ठांनी मला बोलावलं. पट्ट्यांचा पुरवठा सुधारायचा तर चार खात्यांशी पत्रव्यवहार, वर्ष जाणार. रकाना काढायला एक दुपार लागली.

सुतार : म्हणजे भांडं गळतंय म्हणून भांडं बघायचंच बंद केलं.

साहेब : कार्ड सुटसुटीत झालं. खिशात मावायला लागलं. पुढच्या अहवालात एकही रकाना कोरा नव्हता. शंभर टक्के. मला प्रशस्तिपत्र मिळालं.

सुतार : कुठं लावलंय?

साहेब : दिवाणखान्यात. मिस्त्री, आणखी एक आहे, तेही ऐकून घ्या. मला साखर. माझी लघवी खासगी डॉक्टर दर सहा महिन्यांनी तपासायचे. माझी पट्टी बदलली ती त्याच वर्षी, ज्या वर्षी हे कार्ड निघालं. माझ्या डॉक्टरांनी लगेच पकडलं. अकरा वर्षं ओढली त्यांनी. म्हणून मी सदुसष्टाव्या वर्षी या खुर्चीवर बसलो.

सुतार : आणि मी एकोणचाळिसाव्या. शेजारी.

साहेब : दर वेळी लॅबमधून येताना मी हाच विचार करायला हवा होता. नाही केला. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, पण एका वेळी डोक्यात कधी आल्याच नाहीत.

सुतार : माझ्या कमरेला मेजर टेप आहे. काढा. उजव्या बाजूला. हं. पांढरं कार्ड मी धरतो. तो रकाना मोजा.

साहेब : अर्धा इंच. किंचित कमीच.

सुतार : आता तुमच्या हिरव्याचा समास मोजा.

साहेब : अर्धा इंच.

सुतार : म्हणजे जागा होती. मी आयुष्यभर लाकूड कापलं, साहेब. अर्ध्या इंचाची ढलपीसुद्धा फेकत नाही आम्ही. पाचर म्हणून कामी येते.

साहेब : मला शिव्या द्या. खरंच द्या.

सुतार : शिव्या द्यायला दम लागतो. आज तीन किलो पाणी काढतायत माझं. आणि तुम्हाला शिव्या देऊन काय होणार, तुम्ही काही माझ्यावर डूख धरून रेघ खोडली नाही. तेच तर जास्त लागतंय. डूख धरला असता तर मी तुमच्या ध्यानात तरी असतो. पिशवीत आणखी एक हिरवं कार्ड आहे. काढा.

साहेब : हे कुणाचं?

सुतार : धाकट्या भावाचं. माझ्याच हाताखाली काम करतो. दोन लहान मुलं आहेत. त्याला प्रेशर निघून दीड वर्ष झालं. दर महिन्याला हात पुढे करतो, माझ्यासारखाच. वाचा.

साहेब : आकडे सगळे भरलेत. एकही जागा कोरी नाही.

सुतार : शंभर टक्के.

सिस्टर : राउंड संपला, द्या ती कार्डं. हे काय, दोघांचे डोळे? झालंय काय?

सुतार : काही नाही. सिस्टर, तुमच्याकडे त्या पट्ट्या असतात?

सिस्टर : असतात की.

सुतार : उद्या धाकट्याला पाठवतो. तपासा त्याला.

सिस्टर : तो इथला पेशंट नाही, दादा, मला लिहायचं कुठं? बरं, पाठव. सकाळी सातच्या आधी. बघते मी.

साहेब : लिहायला जागा आम्ही करून देतो, सिस्टर.

सुतार : आणि गुरुवारची दुपारची खुर्ची यांना द्या. मी सकाळीच येतो.

सिस्टर : आणि तुझं दार?

सुतार : धाकटा बसवेल. वाकडं बसलं तर बसलं. आज ना उद्या त्यालाच बसवायचंय सगळं. साहेब, तिथं काय सांगणार?

साहेब : रकाना परत घाला म्हणून सांगेन. ते म्हणतील, पट्ट्या नाहीत. मी म्हणेन, मग कोरा राहू द्या. कोरा दिसला तर कुणीतरी विचारेल तरी.

सुतार : आणि काढला कुणी, असं विचारलं तर?

साहेब : तर तुमचं पांढरं कार्ड टेबलावर ठेवेन. आणि मी काढला, असं सांगेन. पण मिस्त्री, माझं ऐकतील याची खात्री नाही. मला मान द्यायला बोलावलंय, मत घ्यायला नव्हे. मी तिथं असताना आम्हीही असंच बोलवायचो म्हाताऱ्यांना.

सुतार : मग अवघड आहे.

साहेब : अवघड आहे.

सुतार : डॉक्टरांनी बघितलं की पांढरं कार्ड घेऊन जा, सोमवारी परत आणा. हरवू नका. माझ्याजवळ तेवढाच पुरावा आहे, की मी वेळेवर आलो होतो.

साहेब : आणतो.

सुतार : आता धाकट्याचं हिरवं नीट पसरा. तुम्ही टेप दाबून धरा, समासावर, वरपासून खालपर्यंत. मी रेघ मारतो.

साहेब : पेन्सिल तुमच्या कानावर आहे.

सुतार : पेन्सिल राहू दे. तुमच्या खिशातलं पेन द्या.