बावीस करवंट्या

सांग ना, किती नारळ होते त्यात? – नाही, अंदाजानं सांग. उसळ दोनदा घेतलीस, सोलकढीच्या तीन वाट्या, वड्या तर मी मोजल्याच नाहीत – एक? एक म्हणतोस? चार, वेदांग, चार! शिवाय पाचवा कुजका निघाला तो वेगळा. आणि तू कोण, तर किरणोत्सारातला डॉक्टर, अख्ख्या ड्रेस्डेनला मोजमाप शिकवतोस. ताट चाटूनपुसून खाल्लंस आणि तुला एकच दिसला. आल्झो – बरं, रागावू नकोस. जेवणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. खवणाऱ्याला विचारावं लागतं.

तो रिपोर्ट राहू दे तिथंच, वाचलाय मी. इन्स्टिट्यूटला वाटलं, मराठी मुलगा पाठवला की सुधाबाई विरघळतील, ‘बेट राहण्याजोगं झालंय’ म्हणून सही ठोकतील – गेनाऊ, अगदी असंच ना? आणि मला मावशी म्हणू नकोस, सहीसाठी आलेल्यांची मी मावशी नाही. पान चौदा काढ. ‘आठ माणसांचं घर, रोजचे नारळ तीन.’ हे तीन कुणाचे? माझे. अठ्ठ्याण्णव साली मी लिहिलेले. अणुबाँबच्या चाचण्यांसाठी तिथल्या लोकांना बेटावरून उठवलेलं, थोड्या दिवसांत परत आणतो म्हणून – आणि त्यांची नातवंडं मोठी झाल्यावर आम्ही निघालो बघायला, आता राहता येईल का म्हणून. बाँबमधून जमिनीत उतरलेलं सीझियम झाडात चढतं, झाडातून नारळात, नारळातून माणसात. म्हणजे सगळी मदार नारळावर. आणि नारळ किती लागतात हे आम्ही विचारलं कुणाला? बाप्यांना! ते लोक तेव्हा दुसऱ्या बेटावर राहत, तिथल्या सभेत पुढं तेच बसलेले. त्यांनी आपण प्यायलेली शहाळी आठवली आणि तीन बोटं दाखवली. अरे, मी वेंगुर्ल्याची. आमच्या अण्णांना विचारलं असतंस तर तेही तीनच म्हणाले असते – आणि आई तिकडं पहाटेपासून खवणीवर!

चूक म्हणतोस? हो, सगळे तसंच म्हणतात, सर्व्हेतली चूक. – काय? मला कधी कळलं? – चहा घे. घे रे, गार होतोय. – त्याच आठवड्यात कळलं. झालं, गेलं तोंडातून. निघायच्या दिवशी सकाळी मुखियाच्या घरामागं गेले, त्याची बायको खोबरं पिळत होती. खवणी अगदी आमच्यासारखी, वर बसायची. बाजूला करवंट्यांचा ढीग. मोजायची खोड माझी – बावीस. अकरा नारळ, एका दिवसाचे. तिनं मला वाटीभर रस दिला, मी प्यायले, आणि विमानात बसून तीनच लिहिले. त्या लोकांना घरी जायचं होतं रे, रडत होते – असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगू? अकरा लिहिले असते तर सगळं पुन्हा मोजावं लागलं असतं, प्रोफेसर चिडले असते, आणि मला नोकरीत टिकायचं होतं. टिकले की! ते लोक बेटावर परतले आणि सहा वर्षं टिकले. मग अंगात सीझियम सापडलं आणि पुन्हा बोट आली. फोटोत बघितलं मी, ती बाई काखेत खवणी घेऊन बोटीत चढत होती. लाज वाटते मला. अजून वाटते.

माती सुधारली म्हणता, सुधारली असेल. पण पान चौदा तेच ठेवलंत ना, माझंच, कुणाला न विचारता? दे पेन. – अरे दे, सही हवी होती ना? हे बघ, तीन खोडले. अकरा. खाली सही, तारखेसकट. करा आता आकडेमोड, बघा काय उत्तर येतं ते. – मुदत बुधवारपर्यंत आहे? असू दे. त्या लोकांकडं परत जा, आणि या वेळी चुलीपाशी बसून मोजा. – नवं पान छापून दुसऱ्याची सही घेतील? घेऊ देत. या पानाचा फोटो मी आत्ता काढला, आणि हा बघ, गेलासुद्धा. कुणाला म्हणजे? त्या बाईच्या मुलीला.

ऊठ आता. बूट जिन्यात आहेत. आणि हा वड्यांचा डबा ने, तुझ्या साहेबांना दे. खाऊन झाल्यावर विचार त्यांना, किती नारळ होते.