वर्षभरात हात न लावलेलं

— दूधवाले, उद्यापासून पाव लिटरच. हो, सगळंच कमी करतोय.

— पांढरा म्हणजे पांढरा हो! पांढऱ्यात कसला आलाय प्रकार?

— साहेब, अर्धा दिवस रजा हवी होती. घरातली खुर्ची न्यायला येणारेत. नाही, दुरुस्तीला नाही. कायमची.

— भंगारवाले, कपाट जिन्यात अडकलं तर जिना तोडू नका, कपाट तोडा.

— काकू, तुमच्याकडे एखादी रिकामी कुंडी आहे? नुसती कुंडी. झाड नको.

(रविवारची सकाळ. बैठकीच्या खोलीत रंगारी शिडीवर, बाळ्या जमिनीवर, त्याची थोरली बहीण दारात.)

ताई : बाळ्या, चोरी झाली का रे?

बाळ्या : नाही गं. मुद्दाम केलंय. मिनिमलिस्ट म्हणतात याला. कमीत कमी वस्तू, मन शांत.

ताई : झालं तुझं शांत?

बाळ्या : पाठ धरलीय. चार दिवस फरशीवर झोपतोय.

ताई : मी टेकू कुठे? माझ्या गुडघ्यांना ही शांती झेपायची नाही.

रंगारी : या ताई, या स्टुलावर बसा. माझं आहे म्हणून राहिलंय.

ताई : आणि ही भिंत अशी का दिसतेय? इकडे पिठासारखी, तिकडे दातासारखी.

रंगारी : तीन घरांचा उरलेला रंग आहे. साहेब म्हणाले, स्वस्तात पडतो, मिसळा. मी म्हटलं, साहेब, पांढऱ्यातही भाऊबंदकी असते. ओलं आहे तोवर एकत्र नांदतात, वाळले की वाटण्या.

बाळ्या : मी एक व्हिडिओ बघितला, त्यातल्या खोलीत अगदी असंच होतं. एक चटई, एक दिवा, एक कुंडी.

ताई : त्यांच्या कुंडीत झाड असेल.

बाळ्या : झाड बजेटात बसलं नाही.

ताई : पण हे खूळ कशासाठी? लग्नाला सोळा वर्षं झाली, एक रद्दीचा कागद टाकला नाहीस कधी.

बाळ्या : ती येतेय आज. साडेबाराला.

ताई : कोण, बायको? मग मला आधी नाही का सांगायचं!

बाळ्या : तिच्या परगावच्या बदलीची मुदत संपतेय. तिकडे कायम व्हायचं की इकडे यायचं, ते उद्या कळवायचंय तिला ऑफिसात. म्हणाली, घरी येऊन बघते, मग ठरवते. जाताना म्हणाली होती, तुझ्या पसाऱ्यात मला बसायला जागा नाही. म्हणून जागा केली.

ताई : अरे, माझ्या राजा! तुला अक्कल फुटलेली बघायला आई-बाबा असायला हवे होते.

बाळ्या : नियमच आहे तसा. वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही, ती घराबाहेर. हळवं व्हायचं नाही.

ताई : बरोबर आहे. तिचं शिलाई मशीन कुठे हलवलंस?

बाळ्या : दिलं. वर्षभर चाललंच नव्हतं ते.

ताई : आरसा? तिच्या मावशीने दिलेला?

बाळ्या : धूळ होती त्याच्यावर. कोणी बघतच नव्हतं.

ताई : तिची पुस्तकं? कपाट?

बाळ्या : कपाट तर कोणी उघडलंही नव्हतं, ताई.

ताई : बाळ्या, तुझी बायको किती महिने झाले तिकडे आहे?

बाळ्या : चौदा.

ताई : मग तिच्या कपाटाला हात कोण लावणार होतं? दूधवाला?





बाळ्या : हा विचार मी केलाच नाही.

रंगारी : मला बुधवारीच शंका आली होती. पण गिऱ्हाइकाच्या संसारात आपण ब्रश घालू नये.

ताई : अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. तुझं अख्खं घर रिकामं! थांब, त्या आतल्या खोलीत काय आहे?

बाळ्या : ते दार उघडू नकोस, ताई. अंगावर येईल.

ताई : अगं बाई! तीन रेडिओ, सायकलचं चाक, ही छत्र्यांची मोळी... यातला एक तरी रेडिओ वाजतो का रे?

बाळ्या : नाही. पण दर रविवारी उघडून बघतो. म्हणजे नियमात बसतात.

रंगारी : नियम कडक आहे, साहेबांना सोडून.

बाळ्या : हसा. चार दिवस घाम गाळला मी. पसारा आवरायला निघालो आणि बायकोच आवरून बसलो.

ताई : भंगारवाल्याला फोन लाव.

बाळ्या : लावला तरी चार दिवस झाले सामान नेऊन. आता कुठलं मिळतंय?

रंगारी : वहिनींना सांगा, रंगासाठी हलवलंय सगळं. चार दिवस तरी निभतील.

ताई : आणि पाचव्या दिवशी? दार वाजलं बघ. ही अकराच्याच गाडीने आलेली दिसते. ये गं, ये. दमली असशील.

ती : ताई, तुम्हीही इथेच? हे काय... कोणाचं घर आहे हे?

रंगारी : वहिनी, रंगासाठी सामान जरा...

बाळ्या : दादा, राहू द्या. मी दिलं सगळं. मशीन दिलं, आरसा, पुस्तकं, कपाट. वर्षभर न वापरलेलं टाकायचं असं व्हिडिओत होतं. तू इथे नव्हतीस हे लक्षातच आलं नाही माझ्या.

ती : आणि तुझं काय काय दिलंस?

बाळ्या : काही नाही. एक खुर्ची. तीही मोडकी होती.

ताई : मी चहा टाकते. भांडं उरलं असेल तर.

ती : चौदा महिने फोनवर विचारतेय, कसा आहेस. रोज म्हणतोस, मस्त, सगळं मस्त. आज पहिल्यांदा काहीतरी खरं सांगितलंस.

बाळ्या : राग नाही आला?

ती : आलाय. आरशासाठी तर रडूसुद्धा येईल, पण आत्ता नाही. दादा, ही भिंत अशीच ठेवणार?

रंगारी : नाही वहिनी, उद्या अजून एक हात मारतो. नऊला येतो.

ती : दहाला या. नऊला मी ऑफिसात फोन करणार आहे. आणि येताना पांढरा आणू नका.

बाळ्या : म्हणजे तू इथे...

ती : म्हणजे आतल्या खोलीतलं सगळं बाहेर काढायला लाग. मला माझी बॅग ठेवायचीय.

बाळ्या : काढतो. ऐक ना.

ती : काय?

बाळ्या : तू गेलीस त्या दिवशी रजा नाही म्हणालो होतो, पण मला सुट्टी होती. पोचवायला येता आलं असतं.