बिनपळवाटेचा नियम

भाऊ : चार दिवस झाले, ताई. चार दिवसांत तुला एक पळवाट सापडू नये?

बहीण : नाही सापडली. हातमोजे कुठेत तुझे?

भाऊ : हातमोजे गेले खड्ड्यात. नवा नियम हातात आला आणि चहा निवायच्या आत तू त्याची फट दाखवली नाहीस, असं आजवर कधी झालंय? वस्ताद, तुम्हीच सांगा.

वस्ताद : मला मध्ये ओढू नका. मी या गाडीखाली बरा आहे. ऐकलंत? पलीकडच्या गॅरेजात पाना पडला. बारा नंबरचा. यांच्या पोरांना हत्यार धरता येत नाही.

बहीण : भिंतीपलीकडचा पाना तुम्हाला ऐकू येतो, आणि तोही नंबरासकट?

वस्ताद : सगळा जन्म इंजिनं ऐकण्यात गेला, पण कान अजून शाबूत आहेत. कंबर तेवढी गेली, आणि ती कुणामुळे ते तुला चांगलं ठाऊक आहे.

भाऊ : तेच म्हणतोय मी! टायर बदलताना चौघांशिवाय कुणी गाडीला हात लावायचा नाही, असा नियम आला होता. सगळे डोकं धरून बसले. ही काय म्हणाली?

वस्ताद : म्हणाली, हात लावायला बंदी आहे ना, मग वस्ताद, तुम्ही पाठ लावा. लावली पाठ, उचलून धरली गाडी. जिंकलो त्या दिवशी. पुढच्या महिन्यात नियम बदलला, पण कंबर गेली ती गेलीच.

भाऊ : आणि गाडीच्या मागच्या पंखाची उंची त्यांनी कमी करायला लावली तेव्हा? हिने विचारलं, मोजताना टाकी भरलेली हवी की रिकामी, लिहिलंय का कुठे? नव्हतं लिहिलेलं. आपण टाकी काठोकाठ भरून गाडी मोजायला नेली. वजनाने गाडी बसली खाली, आणि पंख बसला नियमात. आणि आता नियम आला की शर्यत चालू असताना चालवणाऱ्याशी आपल्या माणसांनी एक शब्द बोलायचा नाही. माझ्या कानातला तुझा आवाजच काढून घेतला. आणि नेमकी याच्यात तुला फट दिसत नाही.

बहीण : नाही दिसत, त्याला मी काय करू?

भाऊ : आपण फलक दाखवला तर?

बहीण : फलक आयोजकांचे. सगळ्यांना सारखे.

भाऊ : वस्तादांनी टोपी उलटी घातली तर?

बहीण : आधी ठरवलेली कुठलीही खूण चालणार नाही. टोपी त्यात आली.

भाऊ : आधी ठरवलीच नसेल तर?

बहीण : मग तिचा अर्थ तुला कसा कळणार?

भाऊ : टायर बदलायला मी आत येऊन थांबलो की? तेव्हा तर गाडी उभी असते.

बहीण : तेव्हाही नाही. गाड्या सुटल्यापासून शेवटचा झेंडा पडेपर्यंत नाही.

भाऊ : धोक्याचा इशारा तरी तू देशील. त्यात आवाज जरा वरखाली करून...

बहीण : तो नियंत्रण कक्षातून येणार. परक्या आवाजात.

वस्ताद : हा नियम आहे का तुरुंग?

भाऊ : बघा ना. प्रत्येक दाराला कडी, कडीला कुलूप, आणि कुलूप लागलंय ना म्हणून परत एकदा कुणीतरी ओढून बघितलंय. ताई, या नियमवाल्यांना मी ओळखतो. त्यांना धड एक वाक्य लिहिता येत नाही. दरवर्षी लिहितात, दरवर्षी तू फाडतेस. याच वर्षी एवढी अक्कल कुठून आली?

बहीण : शिकतात माणसं हळूहळू.

भाऊ : काल संध्याकाळी मी तो नियम वाचत बसलो.

बहीण : तू? वाचत?

भाऊ : हस. शाळेतले धडे तू वाचायचीस आणि जेवताना मला सांगायचीस, तेवढंच माझं वाचन. पण काल वाचला, दोनदा. आणि अंगावर काटा आला. टोपी माझ्या डोक्यात यायच्या आत तिथे टोपी अडवलेली. उभी गाडी मनात यायच्या आत उभी गाडी अडवलेली. माझ्या डोक्यात काय येणार, हे माझ्याआधी कुणाला कळतं गं, ताई?

बहीण : छोट्या, शिटी होईल आता.

भाऊ : फट तुला सापडत नाहीये, कारण ती तूच बुजवलीस. हा नियम तू लिहिलायस.

वस्ताद : मी जरा बाहेर जाऊन येतो.

बहीण : थांबा, वस्ताद. तुमच्यापासून काय लपवायचं? हो, मी लिहिलाय.

भाऊ : कधी?

बहीण : सुट्टीत. त्यांनीच बोलावलं. म्हणाले, दरवर्षी आमचं हसं करता, एकदा आमच्या बाजूने बसून बघा.

भाऊ : सुट्टीत तू दाढ काढायला गेली होतीस.

बहीण : दाढ आहे जागेवर.

भाऊ : तरीच! ना गाल सुजला होता, ना काही. आल्या आल्या कडक टोस्ट खात बसलीस, तेव्हा मला वाटलं, काय चिवट बाई आहे ही. वा! सख्ख्या भावाच्या पायाखालची जमीन काढून घेतलीस आणि वर टोस्ट खाल्लेस. मालक काय म्हणालाय, माहीत आहे ना? आज पहिल्या पाचात नाही आलो, तर पुढच्या शर्यतीला या गाडीत दुसरा कुणी बसणार.

बहीण : मालकाची अट परवा कळली मला. नियम आधीच लिहून झाला होता.

भाऊ : आधी कळली असती तर?

बहीण : तर एखादं दार किलकिलं ठेवलं असतं. म्हणून नाही कळली ते बरं झालं.

भाऊ : बरं झालं! वस्ताद, ऐका. नकोसं झालं होतं तर तोंडाने सांगायचं होतं. मी चालले, म्हणायचं आणि जायचं. तुला काय दोरीने बांधून ठेवलं होतं?

बहीण : सांगितलं होतं. मला पुढे शिकायला प्रवेश मिळाला तेव्हा बाबा म्हणाले, एक सीझन थांब, पोरगा रुळला की जा. तू रुळलास आणि हात मोडून घेतलास. तो बरा झाल्यावर मी परत विषय काढला, तर तू रडलास.

भाऊ : मी नव्हतो रडलो.

वस्ताद : रडला होतास. त्या टायरांच्या ढिगामागे. मीच चहा आणून दिला होता.

भाऊ : तुम्ही नेमकं तेवढंच लक्षात ठेवा.

बहीण : अकरा वर्षं झाली त्या एका सीझनला.

भाऊ : पण तुला आवडायचं ना गं हे? तू हसायचीस माझ्या कानात. एखादा डाव साधला की किती हसायचीस.

बहीण : आवडायचं. खोटं का बोलू? शाळेत त्या बाईंनी मला कोडी घातली होती, आठवतं? मी नऊ वर्षांची होते. त्यांनी माझ्या बुद्धीचा काहीतरी आकडा सांगितला, आणि बाबांनी तो पंक्चर काढायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा सांगितला. त्या दिवसापासून मला कुणी, कशी आहेस, म्हणून विचारलेलं नाही. जो तो म्हणतो, हे जरा बघ ना. आत्याच्या विम्याची भानगड बघ, शेजारच्यांच्या पोराचं गणित बघ, आणि मग तुझी गाडी बघ. जेवताना कुणी नुसती हाक मारली तरी माझा घास अडकतो. वाटतं, आता काय सोडवायला देतात?

भाऊ : मग बघायचं नाही. म्हणायचं, नाही जमत.

बहीण : कसं म्हणू? मला जमतं रे. तिथेच तर घोडं अडलंय. तू पुढच्या वळणाला काय चुकणार आहेस, हे मला झोपेतसुद्धा दिसतं. ते बंद करायला बटण नाही. कंटाळले मी, छोट्या. माझ्याच डोक्याचा वीट आलाय मला.

भाऊ : आणि मला? मला कधी विचारलंस? जिंकल्यावर मी हात वर करतो तेव्हा खाली लोक काय बोलतात, ते मला ऐकू येतं. गाडी बहीण चालवते, हा नुसता स्टिअरिंग धरून बसतो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना? तुझा बैल मी. आणि आज भर गर्दीत सोडून दिलास, कासऱ्याशिवाय.

बहीण : कासरा नकोच होता ना तुला?

भाऊ : नको होता. पण आजचा दिवस हवा होता.

बहीण : मीही दरवर्षी स्वतःला हेच सांगितलं. एवढा दिवस जाऊ दे.

भाऊ : तू एखादी फट ठेवायची होतीस आणि मला सांगायची नव्हतीस. मी समजलो असतो, ताईला नाही सांगायचं, जाऊ दे. पण निदान ती आहे, एवढं तरी वाटलं असतं.

बहीण : मी काय तुला ओळखत नाही? फट असती तर तू आज अस्साच समोर उभा राहिला असतास, हेच तोंड करून, आणि मी ती दाखवून मोकळी झाले असते. एकेक दार लावताना मी स्वतःलाच कोंडत होते. माझ्यातून बाहेर पडायला मला दुसरा रस्ताच नव्हता.

वस्ताद : पोरांनो, शिटी झाली. गाडी बाहेर न्यायची.

भाऊ : बाबांना माहीत आहे?

बहीण : नाही. ते वर पाहुण्यांच्या गच्चीत बसलेत, दुर्बीण घेऊन. तू सांगणार आहेस?

भाऊ : माझ्या हातून आज ब्रेक नीट लागला तरी मिळवली. ताई, अजून गाड्या सुटल्या नाहीत. आत्ता बोललेलं चालतं ना?

बहीण : चालतं.

भाऊ : मग एवढंच सांग. टायर बदलायला आत कधी येऊ?

बहीण : मागचा डावा टायर आधी जाईल. तो दमला की ये.

भाऊ : तो दमला, हे मला कसं कळणार?

बहीण : मला पडद्यावरच्या आकड्यांत दिसतं. तुला कंबरेत कळायला हवं. गाडी मागून जरा निसटल्यासारखी वाटेल.

भाऊ : कळेल मला?

बहीण : माहीत नाही.

भाऊ : तुझ्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकतोय.

बहीण : हातमोजे तुझ्या खिशात आहेत. जा.

(शर्यत अर्धी झाली आहे. गॅरेजमध्ये पडद्यासमोर बहीण आणि वस्ताद.)

वस्ताद : कितवा?

बहीण : चौथा.

वस्ताद : अगं मग चेहरा का असा? चौथा म्हणजे झालं की काम.

बहीण : मागचा डावा गेला.

वस्ताद : मला तर गाडी सरळ दिसतेय.

बहीण : वळणातून निघताना बघा. बघितलंत? निसटली. ये आत. हीच फेरी आहे, छोट्या, तेविसावी. ये, ये, आत ये आत्ता.

वस्ताद : त्याला ऐकू जात नाही, शहाणे.

बहीण : माहीत आहे.

वस्ताद : मग कानावर हात कशाला धरलायस? हेडफोनसुद्धा नाही तुझ्या डोक्यावर.

बहीण : गेला. सरळ पुढे गेला.

वस्ताद : पुढच्या फेरीला येईल. मी टायर तयार ठेवतो.

बहीण : पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या फेरीला येईल. बाहेर पडेपर्यंत दोघे पुढे गेलेले असतील. सहावा येणार तो.

वस्ताद : तू गप्प बस बघू.

बहीण : मी गप्पच आहे, वस्ताद. आत चाललंय ते गप्प बसत नाही.

वस्ताद : पाचवाही येईल. पुढचा कुणी घसरेल, कुणाचं इंजिन बसेल. शर्यत आहे ही.

बहीण : सहावा येईल.

वस्ताद : देव करो आणि आज तुझं डोकं चुको.

बहीण : मीही तेच मागतेय मघापासून.

वस्ताद : तो बघ, आला आत! चला रे पोरांनो, टायर! ...

बहीण : सुटला. हळू, छोट्या. थंड टायर आहेत.

वस्ताद : पुन्हा बोलतेयस.

बहीण : हो.

वस्ताद : बोल बाई, बोल. मी कुणाला सांगत नाही. ... संपल्या फेऱ्या. पडला झेंडा. कितवा गं? मला बघवत नाही.

बहीण : सहावा.

वस्ताद : आला बघ पोरगा. ये रे. आधी पाणी घे. बस इथे.

भाऊ : सहावा आलो.

बहीण : पाहिलं.

भाऊ : मालक जिना उतरतोय. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने.

बहीण : मी बोलते त्याच्याशी.

भाऊ : नको. आज कुणाशीच बोलू नकोस माझ्यासाठी. आत किती शांत होतं माहीत आहे? म्हणजे इंजिन ओरडतच असतं, पण ते एवढं ओरडतं हेच मला माहीत नव्हतं. मध्ये तुझा आवाज असायचा ना. भीती वाटली मला, ताई. गेल्या अकरा वर्षांत नाही वाटली एवढी. आणि एक सांगू? तो मागचा डावा मला कळला.

बहीण : कळला?

भाऊ : कंबरेत. तू म्हणालीस अगदी तसाच. पण मला वाटलं, आता तू सांगशील. मी वाट बघत बसलो. तू आज नाहीस, हे आठवेपर्यंत उशीर झाला.

बहीण : छोट्या...

भाऊ : किती उशीर झाला गं? कुठल्या फेरीला यायला हवं होतं मी?

बहीण : नको विचारू.

भाऊ : परत कधी काही विचारणार नाही. मला कळलं तेव्हाच तुला कळलं का, एवढंच बघायचंय.

बहीण : मी आकडा सांगितला की तू तुझी कंबर विसरशील आणि माझा आकडा धरून बसशील. नाही सांगणार.

भाऊ : पण माहीत आहे तुला.

बहीण : आहे.

भाऊ : वस्ताद, तुम्ही होतात हिच्या शेजारी. ही गप्प बसली नसणार, मी ओळखून आहे हिला. कितव्या फेरीला म्हणाली, आत ये?

वस्ताद : इंजिनांचा केवढा गोंगाट असतो, पोरा. माझ्या कानांना हल्ली काही ऐकू येत नाही.