लातूर, विमानानं

नांदेडच्या बसस्थानकावर लातूरची बस अजून लागली नव्हती. नातवाच्या बारशाला निघालेले भोकरचे दगडोबा आणि साखराबाई रांगेतच भांडत होते. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या, नुकत्याच एमएस्सी झालेल्या सौदामिनीने हातातलं पुस्तक मिटलं.

“लेकीची सोयरीक जुळवताना काय म्हणलात? लातूर लई जवळ, वीस मिनिटं!”

“अगं, ते मोबाईलनं विमानाचं सांगितलं होतं.”

“मग कुठं हाय विमान?”

“लातूरला विमानतळ हाय की.”

“मी विमान विचारून राहिले.”

“ते न्हाई. पण अंतर काय खोटं हाय? ताई, तुमी शिकलेल्या दिसता. वीस मिनिटांत जातं का न्हाई?”

“सरळ रेषेत उडालं तर विमान जाईल, काका,” सौदामिनी म्हणाली. “पण बसला...”

“ऐकलंस? ताईबी तेच म्हणल्या!”

तेवढ्यात लातूरहून लेकीचा फोन आला. साखराबाईंनी तो कानाला लावला.

“हाव, जमल्या का बायका? तुझ्या सासूला सांग, आजोळची कुंची माझ्याजवळ हाय, मी आल्याबिगर नाव ठेवायचं न्हाई. मी बसनं येते. तुझे बाबा विमानानं येऊन राहिले. ते आधी पोचतील, त्यांना चहा दे.”