बिनलेसचे बूट

दुकानदाराने बुटांची चार खोकी उघडली, तरी सासरे-सुनेचं काही केल्या जमेना.

“बाबा, बिनलेसचे घ्या. दर रविवारी नेमकी चढावर तुमची लेस सुटते आणि आपला अख्खा धावण्याचा क्लब पुढे पळून जातो.”

“जाऊ दे की. मला काय पदक मिळवायचंय?”

“पण मला थांबावं लागतं ना तुमच्यासाठी!”

“थांबतेस, उपकार करतेस. मी लेसवालेच घेणार.”

“हट्टी आहात नुसते. बसा, मी मोजे बघून येते.”

सून पलीकडे वळताच सासरेबुवा दुकानदाराच्या कानाशी लागले.

“चढावर तिला धाप लागते हो. थांब म्हटलं की उलट जोरात पळते. मग मी आपला लेस बांधत बसतो.”

“असं होय!”

“बोलू नका. आली बघा.”

नवे बूट चढवून सासरेबुवा फुटपाथवर उड्या मारायला गेले. सून पैसे द्यायला थांबली.

“काका, बूट खोक्यात भरताना लेस जरा गुळगुळीत घाला हं त्यांत. पटकन सुटेल अशी. तेवढाच बाबांना चढावर दम खायला मिळतो.”

“अहो, मघाशी तर तुम्ही बिनलेसचे म्हणत होतात!”

“म्हणावं लागतं, काका. नाहीतर त्यांना संशय येईल.”